शेवटचा भाग कोणाचा?

गोष्टीत माणूस मारला की गोष्ट सांगणाऱ्यावर एक ऋण चढते. मेलेला कोण होता, तो का मेला, त्याच्यामागे कोण रडले आणि मारणाऱ्याचे पुढे काय झाले, ह्याचा हिशेब त्याने शेवटच्या पानापर्यंत चुकता करावयाचा असतो. पुराणिकांपासून रहस्यकथाकारांपर्यंत सर्वांनी हे ऋण मानले. अलीकडच्या दूरचित्रवाणीने मात्र ते बुडवण्याचा धंदा आरंभला आहे. ह्या बुडवेगिरीचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे 'देवमाणूस' ह्या मालिकेचा शेवट, असा प्रस्तुत लेखकाचा आरोप आहे.

ज्या वाचकांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. झी मराठी वाहिनीवर ३१ ऑगस्ट २०२० रोजी ही मालिका सुरू झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी, रविवारी, तिचे पहिले पर्व संपले. वेळ रात्री साडेदहाची. कातळवाडी नावाचे एक काल्पनिक गाव, आणि त्या गावात डॉक्टर अजितकुमार देव ह्या नावाने दवाखाना थाटून बसलेला देवीसिंग नावाचा भामटा. गावाच्या लेखी तो अडल्यानडल्याला धावून येणारा देवमाणूस. दाराआड मात्र स्त्रियांना नादी लावणारा, लुबाडणारा आणि ठार मारणारा खुनी. मालिकेत यथावकाश पोलीस आले, त्याला अटक झाली, न्यायालय उभे राहिले, आणि तो न्यायालयातून सुटला. वर्षभर हे सारे पाहणाऱ्यांना वाटले की शेवटच्या भागात तरी हिशेब होईल. झाले काय? जेमतेम चार महिने लोटले आणि लगेच, १९ डिसेंबर २०२१ रोजी दुसरे पर्व सुरू झाले आणि तोच खुनी नवे नाव, नवा वेश धारण करून घराघरांत पुन्हा दाखल झाला. पुढे २०२५ च्या जून महिन्यात तिसरा अवतार आला. त्याचे नाव 'मधला अध्याय'. एकदा शेवट विकून झाला, दुसऱ्यांदा विकून झाला, तेव्हा आता मध्य विकावयास काढला!

यावलसारखा तालुका ह्या विक्रीचा मोठा गिऱ्हाईक आहे, म्हणून इथून हे लिहीत आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधल्या काळ्या मातीत मैलोगणती केळीच्या बागा. दिवसभर केळीची कटाई करून आलेला मजूर, दुकान बंद करून आलेला व्यापारी, चूल आवरून बसलेली गृहिणी, सर्वांच्या हक्काचा विरंगुळा एकच, आणि तो भिंतीवर टांगलेला. त्यात गैर काही नाही. परंतु पर्व संपल्यावर ह्या घरांमध्ये जी चर्चा झाली तिच्याकडे लक्ष द्यावे. मेलेल्या बायांचे काय झाले, असे कोणी विचारीत नव्हते. 'तो मेला की वाचला?' आणि 'पुढचा भाग कधी?' एवढेच दोन प्रश्न, आणि दोन्हींचा विषय खुनी. मालिका पाहिलेल्या कोणालाही आज सहज विचारून पाहा: त्या डॉक्टरने मारलेल्या स्त्रियांची नावे सांगा. दोन नावांपुढे फारसे कोणी जाणार नाही. खुन्याचे मात्र खरे नाव, खोटे नाव, चालणे, बोलणे, हसणे सारे पाठ. वर्षभराच्या शिकवणीचे फळ हे आहे.

येथे कोणी लगेच म्हणेल, 'तुम्हां लोकांना गुन्हेगारी कथांचे वावडेच आहे.' मुळीच नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर महाराष्ट्राच्या दोन पिढ्या वाचावयास शिकल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक स्वतः कायद्याच्या चौकटीबाहेरचे होते. पण ते नाडलेल्यांच्या बाजूने उभे राहत, आणि पुस्तक मिटताना वाचकाला ठाऊक असे की अन्यायाची बाकी शिल्लक उरलेली नाही. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मालिका लागे. पोलिसांना बोलावण्याचा दूरध्वनी क्रमांक हेच तिचे नाव होते. त्यातील पोलीस आपल्याच गल्लीतले वाटत. त्याच मालिकेतले शिवाजी साटम पुढे १९९८ पासून २०१८ पर्यंत 'सी.आय.डी.'मधून वीस वर्षे देशभर पोहोचले. त्या मालिकेला आपण हसलो. दरवाजे तोडणे, क्षणात कबुलीजबाब मिळणे, सारेच भाबडे होते. तथापि एक पथ्य तिने पाळले. प्रत्येक कथेचा आरंभ प्रेतापासून होई, आणि हा माणूस कोण होता, हा तिचा पहिला प्रश्न असे. कथा मेलेल्याची होती, खुनी तिच्यात शेवटी सापडत असे. 'देवमाणूस'ने हा क्रम उलटा केला. खुनी पहिल्यापासून आपल्या समोर, आपल्या घरात, आपल्या सोबतीला. मेलेल्या स्त्रिया येतात आणि जातात, एसटीच्या प्रवाशांसारख्या. गाडी मात्र चालूच राहते, कारण तिचा मालक चालकाच्या जागेवर बसलेला आहे.

आणि ती चालू का ठेवावी लागते, तेही उघड बोलले पाहिजे. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांप्रमाणे वाहिनीला तासाला जास्तीत जास्त बारा मिनिटे जाहिराती दाखविता येतात. त्या मिनिटांचा भाव किती प्रेक्षक बसून आहेत ह्यावर ठरतो. म्हणजे ज्याला पाहावयास लोक थांबतात तो जिवंत राहिला पाहिजे. किरण गायकवाड ह्या गुणी नटाने ती भूमिका इतकी वठवली की लोक थांबले. नटाचा ह्यात काही दोष नाही. त्याने आपले काम चोख केले. दोष हिशेब करणाऱ्यांचा आहे. खुनी मेला किंवा तुरुंगात गेला तर साडेदहाची वेळ ओस पडेल, ह्या एका भीतीपोटी कथेतल्या न्यायाचा गळा घोटण्यात आला. आपल्या भाषेत मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे असा एक कठोर वाक्प्रचार आहे. त्याहून नेमके वर्णन मला सुचत नाही.

ह्यावर पहिला बचाव असा की, 'गुन्हेगार सुटतात हेच वास्तव आहे. मालिकेने वास्तव दाखवले.' हा बचाव तपासून घेऊ. न्यायालयात आरोपी सुटतात, हे खरे. पण ते का सुटतात? पंचनामा ढिसाळ असतो. साक्षीदार घाबरतो, फुटतो, किंवा तारखांना कंटाळून गावच सोडतो. फिर्यादी गरीब असतो आणि वर्षामागून वर्षे जातात. साक्षीदारांच्या ह्याच भयामुळे महाराष्ट्राला २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा करावा लागला, आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. हे दाखवा, आम्ही डोळे उघडून पाहू. पण मालिकेतला खुनी सुटतो तो सर्वांहून चतुर म्हणून. प्रेक्षकाने त्याच्या हुशारीला मनातल्या मनात दाद द्यावी, अशी ती मांडणी आहे. ह्याला वास्तव म्हणत नाहीत. वास्तवाच्या नावावर खपवलेली ही खुन्याची खुशामत आहे.

वास्तव हवे असेल तर ते ह्याच मालिकेच्या मुळाशी होते. ही कथा ज्या घटनेवर बेतली ती सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात घडली. ऑगस्ट २०१६ मध्ये, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका इसमाला अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार २००३ ते २०१६ ह्या तेरा वर्षांत पाच स्त्रिया आणि एक पुरुष, असे सहा जण मारले गेले, आणि काही मृतदेह धोम गावच्या जमिनीतून उकरून काढावे लागले. अंगणवाडीच्या कामातील एक महिला बेपत्ता झाल्याच्या तक्रारीतून हे सारे उघडकीस आले. मालिकेचे पहिले पर्व संपले, त्या दिवशीही हा खटला चालूच होता. त्यातील कोणाचेही नाव मी येथे लिहीत नाही. मेलेल्यांच्या घरच्यांना वर्षभर रात्री साडेदहाला जे भोगावे लागले असेल त्यात भर नको, आणि आरोपीला प्रसिद्धी पुरेशी मिळालेली आहे.

वाचकहो, ह्या घटनेतील आकडा पुन्हा एकदा वाचा. तेरा वर्षे! एक स्त्री नाहीशी होते, काही वर्षांनी दुसरी, मग तिसरी, आणि कोणाला कशाचा मेळ लागत नाही. असे का होते, ते आपण सर्व जण जाणतो. गावातून एखादी विवाहित किंवा विधवा बाई नाहीशी झाली की पारावर एक वाक्य तयार असते: 'गेली असेल कुणाबरोबर.' हे वाक्य उच्चारले गेले की शोध संपला. घरचे लाजेने गप्प बसतात, शेजारी डोळे मिचकावतात, आणि ठाण्यावरचा हवालदार 'मिसिंग' दाखल करून कागद बाजूला ठेवतो. अठरा वर्षांखालील मूल हरवले तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. सज्ञान स्त्री हरवली तर तिच्या वाट्याला बहुधा नोंदवहीतील एक ओळ येते. खऱ्या खुन्याला जे बळ मिळते ते ह्या एका वाक्यातून आणि त्या एका ओळीतून. तो काही फार मोठा बुद्धिमान नसतो. बेपत्ता बाईचा शोध आपण घेत नाही, एवढे त्याला कळलेले असते.

ही खरी गुन्हेगारी कथा होती. तिच्यात एक गाव होते, तेरा वर्षांचे मौन होते, एक चिकाटीने धरून ठेवलेली तक्रार होती, आणि जमिनीखालून बाहेर आलेले सत्य होते. तिचा शेवटचा भाग असा करता आला असता की कातळवाडीची माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील आणि विचारतील, 'ती नाहीशी झाली तेव्हा आपण काय बोललो होतो?' मग घराघरांत बसलेल्या आपल्यालाही तो प्रश्न टाळता आला नसता. मालिकेने प्रेक्षकाला हा प्रश्न पडू दिला नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. रक्त दाखवले ह्याची मला तक्रार नाही. रक्त दाखवून पाहणाऱ्याला निर्दोष सोडले, ह्याची आहे.

दुसरा बचाव असा की मालिकेने लोकांना बोगस डॉक्टरांविषयी सावध केले. हा बचाव यावल तालुक्यात ऐकावयास विशेष बोचतो. जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा अशा सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांच्या वाटेवर दवाखाना दूर आणि पावसाळ्यात रस्ता त्याहून दूर असतो. तेथे सुई टोचणारा जो कोणी दारी येईल तो डॉक्टर. त्याला 'तुझा कागद दाखव' म्हणण्याचे धैर्य आजारी पोराच्या आईला कोठून येणार? महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ सालचा आहे. नोंदणीवाचून अशा व्यवसायात पडणे हा त्याखाली गुन्हा आहे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक वैद्यक परिषदेकडे पडताळता येतो, तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. दवाखान्याच्या भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहावे, नाव जुळते का बघावे, चिठ्ठीवर क्रमांक आहे का तपासावे, एवढे जरी लोकांच्या अंगवळणी पडले असते तरी ह्या मालिकेला मी हात जोडले असते. पण कातळवाडीच्या डॉक्टरच्या मोहक हसण्याची नक्कल करणारी पोरे पुष्कळ दिसली. चिठ्ठीवरचा क्रमांक तपासणारा कोणी दिसला नाही.

आता ज्या गोष्टीविषयी लिहिताना लेखणी अडखळते ती लिहितो. मालिका सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले होते. १६ ऑक्टोबर २०२० रोजी यावलच्या शेजारच्या रावेर तालुक्यात, बोरखेडा शिवारातील एका शेतघरात, चार भावंडांची कुऱ्हाडीने हत्या झालेली आढळली. मुले आदिवासी मजुराची. आईवडील मध्य प्रदेशातील मूळ गावी गेले होते. आपल्याच केळीच्या पट्ट्यातली, रोजच्या पाहण्यातली ही माणसे. मोठे लोक आले, कॅमेरे आले, दोन-चार दिवस जिल्हा हादरला, मग कॅमेरे परतले. त्या रात्रीही साडेदहा वाजले असतील आणि पडद्यावर डॉक्टर हसला असेल. त्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मी एवढेच विचारतो की त्या आईबापांसाठी 'पुढचा भाग' म्हणजे काय? त्यांच्या घरात पर्व बदलत नाही. त्यांच्या आयुष्याची संध्याकाळ रोज त्याच ठिकाणी येऊन थांबते. ज्यांनी अशा एका घराचा उंबरा ओलांडला असेल त्यांना 'खुनी पुन्हा येतोय' ही जाहिरात मनोरंजक वाटणे शक्य नाही.

आपल्या धर्मग्रंथाच्या आरंभीच एक खून आहे, ह्याची येथे आठवण करावी लागते. काइनाने हाबेलाला शेतात मारले. तेथे देव पहिला प्रश्न विचारतो तो मेलेल्याविषयी: तुझा भाऊ कोठे आहे? आणि मातीत सांडलेले रक्त त्याच्याकडे धाव घेते. कोणी म्हणेल, काइनालाही देवाने जिवंतच ठेवले. होय, ठेवले, सूडाचे चक्र सुरू होऊ नये म्हणून त्याच्यावर खूण केली. फाशीची मागणी मीही करीत नाही. मृत्युदंड अस्वीकार्य आहे, असे कॅथॉलिक धर्मसभेने २०१८ साली आपल्या धर्मशिक्षण ग्रंथात नमूद केलेले आहे. पण जिवंत ठेवणे आणि मिरवणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. काइन जगतो तो स्वतःच्या कृत्याचे ओझे घेऊन. त्याच्या जगण्यात हाबेल सतत हजर आहे. 'देवमाणूस'मधला खुनी जगतो तो हलका होऊन, दर पर्वाला नवे नाव घेऊन. आणि त्याने मारलेल्या स्त्रियांवर दुसऱ्यांदा माती लोटली जाते. क्षमेचा विचारसुद्धा तेथे संभवत नाही, कारण क्षमेला आधी अपराध मान्य व्हावा लागतो.

एका शब्दाविषयीही रडावेसे वाटते. 'देवमाणूस' हा मराठीतला किती निर्मळ शब्द! पुरात उडी घेणारा कोळी, फी न घेता रात्री उठून येणारा वैद्य, अनाथ पोरांना शिकवणारा मास्तर, ह्यांच्यासाठी खेड्यातल्या माणसांनी तो जपून ठेवला होता. प्रारंभी त्यात उपरोध होता हे मला समजते; देव म्हणून पुजलेला माणूस सैतान निघाला, हा इशारा देणे योग्यच. पण तीन पर्वांनंतर उपरोध संपला आणि उरला तो छाप, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा. आज एखाद्या भल्या डॉक्टरला कोणी देवमाणूस म्हटले तर ऐकणारा गालात हसतो. भाषेचे हे नुकसान कोण भरून देणार?

मग करावे काय? बंदी आणा, असे मी म्हणणार नाही. बंदीने वाईट मालिकांचे हुतात्मे होतात. मात्र प्रेक्षक म्हणून आपल्याला तोंड आहे. त्याच केबल नियमांमध्ये कार्यक्रमांची आचारसंहिता आहे. वाहिन्यांच्या संघटनेने २०११ साली तक्रारींची स्वतंत्र परिषद नेमली, आणि जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन आधी वाहिनीकडे, मग त्यांच्या नियामक संस्थेकडे, शेवटी सरकारकडे, अशी तक्रारीची तीन पायऱ्यांची वाट मोकळी झाली. साधे पत्र पुरते. आमच्या घरातील मुले जे पाहतात त्याविषयी आम्हांला बोलावयाचे आहे, एवढे तरी त्यांना कळू द्या. एका गावातून पन्नास पत्रे गेली तर ती कचऱ्याच्या टोपलीत टाकणे जड जाईल.

पण पत्रापेक्षाही निकडीचे काम घरातले आहे. मालिका पाहू नका, असे फर्मान सोडून पोरे ऐकत नाहीत. पाहावी, पण पाहून झाल्यावर आईबापांनी एक प्रश्न विचारावा: आज जी मेली तिचे नाव काय होते, तिच्या घरी कोण कोण होते? पहिल्या दिवशी मुले हसतील. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात येईल की मालिकेने हे सांगितलेच नाही. तेथून पुढे ती मालिका त्यांच्यावर पूर्वीसारखी चालणार नाही. आणि गावात एखादी बाई नाहीशी झाली तर ते ठरावीक वाक्य आपल्या अंगणात कोणालाही उच्चारू देऊ नये. उलट तिच्या घरच्यांसोबत ठाण्यावर जावे, तक्रारीची पोच मागावी, आणि महिन्याने पुन्हा जाऊन विचारावे. आपली घरे यावलसारख्या ठिकाणी थोडी असली तरी एवढे करावयास संख्या लागत नाही.

नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांची नावे कागदावर लिहून वेदीजवळ ठेवतो, आणि मिस्सात त्यांचे स्मरण होते. त्या कागदावर ज्यांना कोणी विचारीत नाही अशांसाठीही एक ओळ असते. मेलेल्यांची नावे जपण्याची ही सवय ज्या कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या आहे, त्यांनी तरी खुन्याच्या पुढच्या पर्वाची वाट पाहत बसू नये. ह्या वर्षी त्या कागदावर नावे लिहाल तेव्हा बोरखेड्याच्या चार भावंडांसाठी एक ओळ मोकळी सोडा, आणि धोमच्या मातीतून बाहेर आलेल्यांसाठी आणखी एक.